गिरणी बंद आहे

आमच्या गावात पिठाच्या तीन गिरण्या आहेत. त्यातल्या वेशीजवळच्या गिरणीला भर दिवसा कुलूप दिसलं की बायका डबा काखेत तसाच धरून दुसऱ्या गिरणीकडे वळतात आणि वळता वळता एकमेकींना विचारतात, "कोण गेलं गं?" गिरणीवाले तात्या आजारी असतील, कुठे लग्नाला गेले असतील, असं कोणाच्या मनातही येत नाही. लग्नाला तात्या जातात ते दळणं उरकून, अक्षता पडून गेल्यावर, तिसऱ्या पंगतीला. गिरणी बंद राहते ती फक्त मयतासाठी.

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. तरी नेत्रदानाचं काम हातात घेतल्यावर पहिली दोन वर्षं मी त्या कुलपासमोरून संकल्पपत्रांचे गठ्ठे डिकीत घालून जात-येत राहिलो आणि माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

मी पतसंस्थेत 31 वर्षं नोकरी केली, शेवटची 9 मॅनेजर म्हणून. ठेव वृद्धी मास, पिग्मी एजंटांच्या बैठका, मार्चअखेरची वसुली यात आयुष्य गेलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर समाजकार्य करावंसं वाटलं तर तो काय करणार? टार्गेट ठरवणार.

नेत्रदानच का, याला कारण एक बाई. आमच्या उसाला बीडकडची टोळी आली होती. नवरा कोयत्याने ऊस तोडत पुढे सरकत होता आणि ती मागे बसून मोळ्या बांधत होती. मी बांधावर उभा राहून बघत होतो. ती उसाकडे बघत नव्हती. हाताने चाचपून वाढं ओढायची, त्याला पीळ द्यायची, मोळीखालून सरकवायची, गाठ मारायची. सगळं चाचपून. जवळ गेल्यावर दिसलं, उजव्या डोळ्यात दुधाच्या सायीसारखं फूल पडलेलं. डावा लहानपणीच गोवरात गेलेला. आदल्या हंगामात उजव्या डोळ्यात उसाचं पातं लागलं. मुकादमाने कुठल्यातरी दुकानातून थेंब आणून दिले आणि हंगाम संपेपर्यंत ती तेच घालत राहिली.

तिला मी आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पुढचा जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, पुस्तकात ज्याला पारपटल म्हणतात आणि बोलताना सगळे बुबुळ म्हणतात, तोच पांढरा पडला होता. उसाच्या पात्याने, भाताच्या तुसाने, कडब्याच्या धाटाने ओरखडा उठतो, त्यात बुरशी शिरते आणि चुकीच्या थेंबांनी ती आणखी फोफावते. मागचा डोळा शाबूत असला तर मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवून दिसू शकतं. हे काही नवं नाही. एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरने 1905 साली मोराविया प्रांतातल्या ओलोमोउत्स गावी ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली होती आणि त्याचा रोगीही शेतमजूरच होता, चुन्याने डोळे भाजलेला. आमच्या डॉक्टरांनी बाईचं नाव यादीत लिहिलं. बुबुळ मिळालं की कळवतो म्हणाले. फेब्रुवारीत टोळी गेली. पुढच्या हंगामाला दुसरी टोळी आली. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

तर आम्ही सहा-सात निवृत्त मंडळींनी ट्रस्ट काढला आणि 'नेत्रदूत' योजना आखली. योजना आखणं हे माझं आवडतं काम. कॉलेजातली 62 मुलंमुली दूत झाली. ओळखपत्रं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, महिन्याला आढावा, जास्त संकल्पपत्रं आणणाऱ्याला ढाल. पिवळे टी-शर्ट शिवून घेतले, त्यांच्या पाठीवर दोन टपोरे डोळे छापले. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा, त्यात प्रभातफेरी काढली, डोळ्यांना पट्ट्या बांधून मानवी साखळी केली, तहसीलदार आले, नारळ फुटला, फोटो निघाले. वर्षअखेरीस संकल्पपत्रं झाली 1,340. सभेत मी आकडा वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून आमच्याच डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "डोळे किती मिळाले?"

3 जणांचे. आणि त्या तिघांपैकी एकानेही संकल्पपत्र भरलेलं नव्हतं.

त्या रात्री मी सगळे फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. जुनी सवय, ताळेबंद जुळला नाही तर झोप येत नाही. भरणारे जवळजवळ सगळे विशीतले. देव त्यांना शंभर वर्षं आयुष्य देवो, पण त्या हिशेबाने आमचं पहिलं बुबुळ 2090 च्या पुढेमागे हाती येणार होतं. शिवाय फॉर्म भरणाऱ्याने घरी सांगितलेलंच नाही, कार्ड पाकिटात, पाकीट पँटमध्ये. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं. त्या 6 तासांत कोण पाकीट उघडून बघतं? आणि कार्ड सापडलं तरी घरच्यांच्या होकाराशिवाय, दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय नेत्रपेढीचा माणूस डोळ्यांना हात लावत नाही. म्हणजे ज्याचे डोळे, त्याची सही आम्ही गोळा करत होतो आणि ज्यांची सही लागते त्यांच्यापर्यंत आम्ही पोचतच नव्हतो.

मोठ्या शहरांतल्या नेत्रपेढ्यांनी हे आमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. त्यांनी मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक नेमले. माणूस गेला की ते नातेवाइकांशी तिथेच बोलतात आणि संकल्पपत्रांपेक्षा त्यातून डोळे किती तरी जास्त मिळतात. आमच्या तालुक्यात ते जमण्यासारखं नव्हतं. ग्रामीण रुग्णालयातून गंभीर रुग्णाला लगेच पुढे पाठवतात. आणि म्हातारी माणसं घरीच जातात, ओसरीवर, आपल्या वाकळेवर.

मग मी दुसरी चूक केली. दूतांना सांगितलं, फॉर्म पुरे, आता मयताच्या घरी जायचं.

माघ महिन्यातली गोष्ट. पंचेचाळिशीचा माणूस मोटर चालू करायला विहिरीवर गेला आणि तिथेच कोसळला. मला सकाळी सातला कळलं. मी जवळच्या दूताला फोन केला, एकवीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात मनापासून काम करणारा पोरगा. तो तयार होऊन, टी-शर्ट घालून, हातात फॉर्म घेऊन गेला. अंगणात बायकांचा आकांत चाललेला. त्याने मयताच्या भावाला बाजूला घेतलं आणि आम्ही शिबिरात घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं. भावाने त्याची गचांडी धरली. पोरगा वळला, तेव्हा सगळ्या अंगणाला त्याच्या पाठीवरचे ते दोन टपोरे डोळे दिसले असतील. हे चित्र अजून माझी पाठ सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मी माफी मागायला गेलो. लोक नदीवरून परतत होते. तात्या मागे राहून खोरं, घमेली धूत होते. ते मला म्हणाले, "साहेब, पोरगं चांगलं हाय तुमचं. पर त्यानं आदी चार लाकडं उचलायला पायजे हुती."

त्या एका वाक्यावर मी आठवडाभर विचार केला असेल. मग गिरणीवर गेलो.

तात्यांचं काम काय ते सांगितलं पाहिजे, कारण शहरातल्या वाचकाला एक फोन केला की शववाहिका आणि सामानाचा संच दोन्ही दारात मिळतात. आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांच्या हातापायातलं बळ जातं आणि तेवढ्या काळासाठी घर दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात जातं. आमच्या गावात ते तात्यांच्या ताब्यात जातं. दोन बांबू, कामट्या, कडबा, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गोवऱ्या, लाकडं, रॉकेल कुणाकडे, ट्रॅक्टर कुणाचा, पाव्हण्यांना फोन कुणी करायचे, हे सगळं तात्या ठरवतात. पैशाला हात लावत नाहीत. नात्यातले नाहीत, जातीतले असतीलच असं नाही. त्यांचे वडील हेच करायचे.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरच्यांना विचाराल का? तात्यांनी जात्यातलं दळण संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग पट्टा उतरवला, पीठ झाडलं आणि एकच विचारलं, "मानूस यायला किती येळ लागतो?" जिल्ह्याच्या नेत्रपेढीहून दीड तास, म्हटलं. "आन काम?" पंधरा-वीस मिनिटं. "मग बसतंय," ते म्हणाले.

काय बसतंय ते मला पुढच्या मयताला कळलं. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. तात्यांनी थोरल्या मुलाला खांद्याला धरून गोठ्यापाशी नेलं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. बहीण कुठून यायची? पुण्याहून. म्हणजे चार तास. न्यायचं कधी? अकराला. अग्नी कोण देणार? नदीवर की मळ्यात? मळ्यात. आणि त्याच सुरात, त्याच आवाजात, "डोळं द्यायचं का आबांचं? मानूस दीड तासात येतो, ताई यायच्या आत हुतंय. तोंडावर काय दिसत न्हाई, मी बघतो उभा राहून." मुलाने आत बघितलं, आईकडे असावं. म्हणाला, "आईला विचारतो." तात्या म्हणाले, "विचार. तवर मी बांबूला मानूस धाडतो."

आम्ही शिबिरात दोन तास शिकवायचो, भावनिक आवाहन कसं करावं, आकडेवारी कधी सांगावी, नकाराला उत्तर कसं द्यावं. तात्यांनी नेत्रदान सामानाच्या यादीत घातलं. बांबू, मडकं, डोळे. होय म्हटलं तरी ठीक, नाही म्हटलं तरी यादी पुढे चालू. नाही म्हणायला जागा ठेवली होती म्हणून लोकांना होय म्हणता येत होतं. मी कर्जाचे अर्ज मंजूर करण्यात आयुष्य घालवलं, पण अर्ज न दिसणारा अर्ज पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर मी योजना मोडली. 62 मुलांच्या जागी 11 माणसं आली. हे लिहायला सोपं आहे, पण मुलं दुखावली. एका मुलीने ढाल परत आणून दिली. ट्रस्टमधल्या दोघांनी राजीनामे दिले, कारण त्यांच्या मते युवाशक्तीवर अविश्वास दाखवला गेला. टी-शर्टचं काय करायचं हा प्रश्न कार्यकारिणीत दीड तास चालला. ते शेवटी मोटर पुसायला गेले.

हे अकरा कोण? तात्या. शववाहिकेचा ड्रायव्हर. स्मशानाजवळचा वखारवाला. ग्रामीण रुग्णालयातला जुना वॉर्डबॉय. दोन खाजगी डॉक्टर, ज्यांना रात्रीबेरात्री नाडी बघायला बोलावतात आणि ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. दहाव्याला वस्तरा घेऊन येणारे नाभिक काका. एक प्रवचनकार महाराज. आणि तीन बाया, त्यांतली एक मावशी. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती. आम्ही नसतो तरी ते त्या अंगणात गेलेच असते.

जामखेडची गोष्ट मी नंतर ऐकली. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. आधी त्यांनीही प्रशिक्षित नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. जमलं नाही. मग गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. गावांनी निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन आपल्याच गल्लीत सांगायच्या. त्या कामाला पुढे मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातलं एवढंच कुठेतरी रुतून बसलं की माणूस निवडण्याचं काम आरोळ्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही. मी मात्र मुलाखती घेतल्या होत्या. गुण दिले होते, 50 पैकी.

मावशींचं वेगळं सांगायला हवं. गावात बाई गेली की तिला शेवटचं न्हाऊ घालायला, लुगडं नेसवायला, मळवट भरायला मावशींना बोलावतात. आत चुलीपाशी जे बोललं जातं ते तात्यांपर्यंत येत नाही, आणि खरा होकार-नकार तिथेच ठरतो. शिबिरात आम्ही मावशींना तीन गोष्टी शिकवल्या: पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकतं, पापण्या मिटून वर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, डोक्याखाली उशी देऊन डोकं जरा उंच करायचं. मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पापण्या तर मीच मिटते की. चाळीस वर्षं मिटतेय. कापूस ठेवायचा नुसता."

पहिल्या वेळी त्या तंत्रज्ञाशेजारी ठाण मांडून बसल्या. तो कसं करतो ते सगळं पाहिलं. दंडातून थोडं रक्त घेतलं, ते कशाला म्हणून विचारलं. त्याने सांगितलं, कावीळ, एचआयव्ही असं काही निघालं तर बुबुळ वापरता येत नाही, म्हणून तपासायचं. चष्मा होता, साखर होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चालतं का? चालतं. सगळं झाल्यावर त्याने पापण्या मिटल्या. मावशींनी पदराने चेहरा पुसला, वाकून निरखला आणि बाहेर येऊन अंगणातल्या बायकांना मोठ्याने म्हणाल्या, "काय बी दिसत न्हाई बरं का! झोपल्यावानी हाय." हे वाक्य त्या तेव्हापासून प्रत्येक दहाव्याला, हळदीकुंकवाला, बचत गटाच्या सभेत सांगत असतात. आमच्या पत्रकावर हेच छापलेलं होतं, 'चेहरा विद्रूप होत नाही.' पत्रक कोणी वाचलं नाही. मावशींनी पाहिलं होतं.

महाराजांचं आणि माझं एकदा छान जमलं. पश्चिम महाराष्ट्रात दहाव्याला घाटावर प्रवचन असतं. सगळे नातेवाईक, सगळा गाव समोर असतो. तिथे कोणीतरी हमखास म्हणतं, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा येतो. महाराज शिबी राजाची गोष्ट सांगायचे, कबुतरासाठी मांडीचं मांस तोडून देणारा. मी त्यांना म्हटलं, महाराज, जातकातला शिबी डोळे देतो. आंधळ्या याचकाचं रूप घेऊन इंद्र येतो आणि राजा वैद्याला बोलावून आपले डोळे काढून त्याला देतो. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात ही गोष्ट रंगवलेली आहे. पतसंस्थेच्या सहलीत गाइडने बॅटरी मारून आम्हाला दाखवली होती. महाराज खूष. तेव्हापासून त्यांच्या प्रवचनात दोन्ही शिबी येतात, आणि पुढच्या जन्माचा प्रश्न निघालाच तर ते म्हणतात, मग राजाला काय मिळालं ते विचारा ना.

श्रीलंकेत हडसन सिल्वा नावाच्या डॉक्टरने याच मातीत बी पेरलं. 1958 साली वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना डोळे मागितले. पुढे आई वारली तेव्हा तिची बुबुळं काढून रोपणाला दिली. 1961 साली संस्था उभी केली आणि पुढे तो छोटा देश स्वतःची गरज भागवून दुसऱ्या देशांना बुबुळं पाठवायला लागला. लेख आधी आला हे खरं. पण मला वाटतं लोकांनी ऐकलं ते आईच्या वेळी.

आता जे सांगायचं ते जरा जड जातं.

मे महिना. म्हातारी सकाळी नऊला गेली. मुलगे तयार नव्हते, तात्यांच्या शब्दाखातर झाले. नेत्रपेढीची गाडी निघाली आणि वाटेत बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. मला फोन येत होते आणि मी प्रत्येक वेळी तात्यांना सांगत होतो, "निघालेत, पोचतीलच." मला काहीही माहीत नव्हतं. मार्चअखेरीला थकलेल्या कर्जाबद्दल वरच्यांना सांगायचो तसं सांगत होतो, होतंय, येतंय. पाव्हणे उन्हात बसून होते. बर्फ आणला. तीनला तंत्रज्ञ आला तेव्हा 6 तास होत आले होते. घाईघाईत काम झालं, पण त्यानंतर भावकीतल्या एकाने सगळ्यांदेखत तात्यांना सुनावलं, "म्हातारीची माती केलीस." तात्यांनी मान खाली घालून सुतळी आवळली. माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या चार महिन्यांत दोन घरांत लोकांनी तात्यांना आधीच सांगितलं, डोळ्यांचं काढू नका. ज्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता तिथे.

मी जन्मभर जामीनदार बघितले. कर्जदार हप्ते चुकवतो आणि नोटीस जाते जामीनदाराला. तो बिचारा कार्यालयात येऊन बसतो, टोपी हातात घेऊन, आणि म्हणतो, मी तर नुसती सही केली होती. तात्या, मावशी, वॉर्डबॉय हे सगळे आमचे जामीनदार होते. गावात आमच्या ट्रस्टला पत नव्हती. कशी असणार, काल निघालेला ट्रस्ट. लोक तात्यांची पत बघून आम्हाला डोळे देत होते आणि ती पत त्यांनी व त्यांच्या वडिलांनी दोन पिढ्या गिरणी बंद ठेवून साठवली होती. ती आम्ही एका दुपारी उधळली. जाहिरातीत 'आमचे सदिच्छादूत' असं म्हणतात तेव्हा मला आता हाच प्रश्न पडतो, हप्ता कोण भरणार.

त्यानंतर कामाचं स्वरूप बदललं. माझं काम म्हणजे तात्यांचा शब्द खोटा पडू न देणं. दीड तास म्हणायचं असेल तर दीड तासात माणूस पोचला पाहिजे. प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात 2011 साली दुरुस्ती होऊन प्रशिक्षित तंत्रज्ञाला बुबुळ काढायची मुभा मिळालीच होती. आमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातला मदतनीस नेत्रपेढीत शिकायला पाठवला, रीतसर मान्यता घेतली. आता तो गावातूनच निघतो, अर्ध्या तासात पोचतो, बर्फाची पेटी नंतर एसटीने किंवा कोणाच्या गाडीने जिल्ह्याला जाते. उशीर होणार असेल तर मी खरं सांगतो आणि वेळ टळत असेल तर मीच म्हणतो, राहू द्या, न्या. असे चार-पाच वेळा डोळे सोडले. पूर्वी मला ते नुकसान वाटलं असतं.

आणि एक फोन. आठवड्याच्या आत नेत्रपेढीकडून कळायला हवं, बुबुळांचं काय झालं. कुणाला बसवली ते नाव सांगत नाहीत आणि ते बरोबरच आहे. बसवली की नाही, एवढंच. हे मी भांडून मिळवलं, कारण आमच्या अकरा जणांपैकी कोणीही कधी प्रमाणपत्र मागितलं नाही, सत्कार मागितला नाही, पण प्रत्येक जण विचारतो, "चाललं का?"

सगळीच चालत नाहीत. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजतात, कमी भरल्या तर रोपणाला घेत नाहीत, मग ती शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला किंवा संशोधनाला जातात. एका म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरची बुबुळं अशी नापास झाली. मी त्यांच्या मुलीला काही कळवलं नाही. वाटलं, कशाला. महिन्याने तात्यांनी मला थांबवलं. "ती दळन घेऊन येती आन माज्या तोंडाकडं बघती." मी म्हटलं, तात्या, वाईट वाटेल तिला. ते म्हणाले, "जात्याला टाकी लावायची झाली की पीठ जाडं येतं. मी सांगतो, बाई, आज जाडं आलंय. न सांगता दिलं तर ती घरी गेल्यावर भाकरीत कळतंय."

मी जाऊन सांगितलं. ती निवडणं निवडत होती. ऐकून घेतलं, दोन-तीन खडे बाजूला टाकले आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." चहा ठेवला. एवढंच.

परवा ज्वारी दळायला टाकायला गेलो होतो. घरी मिक्सरपासून सगळं आहे, पण भाकरीला तात्यांच्याच गिरणीचं पीठ लागतं, हा हिचा नियम. माझा डबा पाळीला चौथा. तात्या आता सत्तरीला आलेत, पुतण्या हाताखाली असतो. गिरणीच्या भिंतीवर खडूने दळणाची उधारी लिहिलेली असते आणि तिच्याच खाली, वेगळ्या रकान्यात, नुसत्या रेघा. पाच रेघा झाल्या की आडवी मारायची. त्यांतल्या काहींवर बारीक गोल केलेला. मी कधी विचारलं नाही, पण गोल म्हणजे चाललं असणार.

माझी ज्वारी निम्मी घाटात पडली असेल नसेल, तोच त्यांचा फोन वाजला. जुना बटणांचा फोन, वर पिठाचा थर. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, "कवा?" म्हणाले. मग दुसऱ्या हाताने खटका खाली ओढला. पट्टा थडथडत सुटला आणि गिरणी एकदम गप्प झाली, तेव्हा फोनमधलं रडणं मलाही ऐकू आलं.

"आदी पंखा बंद कर बाळा," तात्या म्हणाले. "आलोच मी."

पुतण्याने दाराला लावायला कुलूप हातात घेतलं. दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका काही न बोलता माघारी फिरल्या. माझं दळण निम्मं आत, निम्मं डब्यात. मी डब्याला झाकण लावलं आणि आमच्या मदतनीस पोराचा नंबर लावायला घेतला.